मिशी, बाबांचं आजारपण आणि पैसे मागायची लाज

मेलबर्नला टार्नीटमध्ये राहणाऱ्या, मूळच्या तासगावच्या एका वाचकाचं पत्र आलंय. पत्र बरंच मोठं होतं, मुख्य भाग तेवढा देते:

"ताई, मी ४३ वर्षांचा, आयटीत आहे. आमच्या ऑफिसात दरवर्षी मोव्हेंबर करतात आणि या वर्षी टीमचा कॅप्टन मी झालोय. लगेच हो म्हणालो कारण दोन वर्षांपूर्वी बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, रेडिएशन झालं, आता बरे आहेत. पण ही गोष्ट घरातल्या चार माणसांपलीकडे कुणालाच माहीत नाही. बाबा रिटायर्ड शिक्षक, सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, तेव्हा ते 'बोभाटा नको' एवढंच म्हणाले होते. आता फंडरेझिंगच्या पेजवर 'तुम्ही हे का करताय' ते लिहायचंय आणि माझं खरं कारण बाबाच आहेत. बायको म्हणते त्यांना विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू नकोस, मला वाटतं इथे त्यांना ओळखतंय कोण. दुसरं म्हणजे एक तारखेला मिशी काढायची म्हटल्यावर आई फोनवर रडायलाच लागली, 'बाप हयात असताना मिशी काढतोस?' तिसरं, आमच्या मराठी ग्रुपवर लिंक टाकली, अडीचशे लोक आहेत, दोघांनी थम्सअप दिला, एकाने विचारलं पैसे नक्की जातात कुठे, आणि डॉलर एकानेही दिला नाही. मला आता मागायचीच लाज वाटायला लागलीय. टार्गेट किती ठेवायचं तेही कळत नाही. कॅप्टनशिप सोडून देऊ का?"

सोडू नकोस, हे आधी सांगून टाकते. आणि अरे-तुरे करतेय त्याचा राग मानू नकोस, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस तू. पत्रात चार वेगवेगळे प्रश्न दिसतात खरे पण वाचताना मला सारखं वाटत होतं की हे सगळं एका फोनपाशी येऊन अडलंय, बाबांना करायच्या फोनपाशी, आणि तो तू टाळतोयस. त्याच्याकडे येतेच.

त्याआधी ज्यांनी मोव्हेंबर हे नावच पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यासाठी दोन ओळी. हे मेलबर्नमध्येच सुरू झालं, २००३ साली. ट्रॅव्हिस गॅरोन आणि ल्यूक स्लॅटरी हे दोन मित्र बिअर पीत बसले होते, पूर्वी लोक मिशा ठेवायचे ती फॅशन गेली कुठे यावर गप्पा चालल्या होत्या, त्यातून ठरलं की नोव्हेंबरभर मिशी वाढवायची. एका मित्राची आई तेव्हा ब्रेस्ट कॅन्सरसाठी पैसे गोळा करत होती, त्यावरून सुचलं की मग आपण पुरुषांच्या तब्येतीसाठी हे करूया. पहिल्या वर्षी ३० जण तयार झाले, प्रत्येकी १० डॉलर भरून. पुढच्या वर्षी ५४ हजार डॉलर जमले आणि ते ऑस्ट्रेलियाच्या प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशनला दिले. आता वीसेक देशांत चालतं हे आणि विषय तीन आहेत, प्रोस्टेटचा म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कॅन्सर, वृषणांचा म्हणजे टेस्टिक्युलर कॅन्सर, आणि पुरुषांचं मानसिक आरोग्य, त्यातही आत्महत्या थांबवणं. नियम असा की १ नोव्हेंबरला चेहरा पूर्ण साफ करायचा आणि मग महिनाभर फक्त मिशी, ती कल्ल्यांना जोडायची नाही, खाली हनुवटीवर आणायची नाही. ऑफिसात चेहरा बदललेला दिसला की कुणीतरी विचारतंच काय रे हे, आणि तिथून विषय निघतो. डॉक्टरचं नाव काढलं की जो माणूस विषय बदलतो तो मिशीवर मात्र पंधरा मिनिटं बोलू शकतो, एवढ्या साध्या गोष्टीवर हे सगळं उभं आहे आणि म्हणून मला ते मनापासून आवडतं.

आता मिशी. आपल्याकडे वडील गेल्यावर मुलगा मिशी काढतो, त्यामुळे वडील असताना मिशी उतरवलेला मुलगा बघितला की आईच्या डोळ्यांपुढे काय येणार सांग. त्यात तुझ्या आईने दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला रेडिएशनला नेलं-आणलंय, आणि तेही कुणाला न सांगता, शेजारणीजवळसुद्धा न बोलता. ती जी भीती आहे ना ती अजून बाहेर पडलेली नाही, तुझ्या मिशीचं निमित्त झालं आणि ती रडली. तिला 'आई हे सगळं अंधश्रद्धा आहे' असलं काही सांगायला जाऊ नकोस. माझं स्पष्ट मत विचारशील तर या वर्षी मिशी राहू दे. मोव्हेंबरमध्ये मिशी हा एकच रस्ता आहे असं अजिबात नाही, महिनाभरात ६० किलोमीटर चालणं किंवा धावणं हाही त्यांचाच प्रकार आहे, जगात दर तासाला साधारण ६० पुरुष आत्महत्येने जातात म्हणून तो आकडा धरलाय. इथे किती तरी शीख मंडळी केसाला हात न लावता भाग घेतात, बायकाही घेतात, कॅप्टनने मिशी काढलीच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. रोजचे दोन किलोमीटर झाले, टार्नीटहून वेरिबी नदीची ट्रेल जवळच आहे तुला, शनिवारी सकाळी तीनचार जणांना घेऊन जा. शेजारी शेजारी चालताना पुरुष जेवढं बोलतात तेवढं समोरासमोर बसून बोलत नाहीत, बघच तू.

आणि तरीही मिशी काढायचीच असेल मनात, तर ज्यांच्या हयातीवरून हा प्रश्न निघालाय त्यांनाच विचार. बाबा म्हणाले काढ, तर आईला तेच समजावतील.

आता फोन. बायकोचं शंभर टक्के बरोबर आहे. आजार बाबांचा, शरीर बाबांचं, तेव्हा कुणाला सांगायचं हे ठरवणारे तेच. 'इथे कोण ओळखतं त्यांना' हे तर तू विसरूनच जा, तुमच्या ग्रुपवर अडीचशे लोक आहेत त्यातला एकजण तरी सांगली-मिरज-तासगावचा निघणार, स्क्रीनशॉट जायला वेळ लागत नाही, आणि उद्या सकाळी फिरायला गेल्यावर गुरुजींना कुणीतरी 'कसं वाटतंय आता?' विचारणार आणि त्यांना कळणारही नाही की ह्याला कुठून कळलं. तू मेलबर्नमधून हजार डॉलर जमवलेस तरी ते त्याची भरपाई करू शकत नाहीत.

मी इथे बरीच वर्षं युरॉलॉजीच्या वॉर्डात नर्स होते. पेशंटला विचारलं की लघवीचा त्रास आहे का, थेंब थेंब होते का, रात्री किती वेळा उठता, की उत्तर बायको द्यायची. तो खिडकीकडे बघत बसलेला असायचा. मग बायको चहा आणायला गेली की तोच माणूस हळूच विचारायचा की सिस्टर हे असंच राहणार का. प्रोस्टेटच्या उपचारानंतर लघवीवरचा ताबा कमी होऊ शकतो, शरीरसंबंधांवर परिणाम होतो, रेडिएशननंतर शौचाचाही त्रास होऊ शकतो, हॉर्मोनची इंजेक्शनं चालू असतील तर बायकांना पाळी जाताना येतात तसे गरम झटके येतात, थकवा येतो, मूड जातो. ७० वर्षांचा माणूस, सगळा गाव ज्याच्या पाया पडतो, तो हे कुणाला सांगणार? 'बोभाटा नको' च्या मागे हे सगळं असू शकतं. तू लिहिलंयस 'आता बरे आहेत', पण हे तुला आईने सांगितलं का त्यांनी स्वतः?

तर फोन असा कर. व्हिडिओ कॉल नको, सगळे घोळक्याने बसतात आणि बाबा दोन वाक्यं बोलून फोन आईकडे देतात. साधा फोन, आणि ते एकटे असताना. ते सकाळी साडेसहाला फिरायला जात असतील तर नोव्हेंबरात तुझे बारा वाजलेले असतात दुपारचे, लंच ब्रेकमध्ये कर. आणि सुरुवात मोव्हेंबरने नको. सुरुवात तुझ्या स्वतःच्या तब्येतीने कर, कारण ती खरंच करायची आहे. वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर असला की मुलाचा धोका साधारण दुप्पट होतो. तू ४३ चा आहेस. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलायस का तू? तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. जीपी तुला विचारणार की वडिलांना कितव्या वर्षी निघाला, तेव्हा पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची टेस्ट) किती होता, किती पसरला होता, काकांना किंवा आजोबांना होता का, आणि घरातल्या बायकांमध्ये ब्रेस्टचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर होता का, हो तेही विचारतात कारण काही जनुकं अशी आहेत की बायकांमध्ये एक कॅन्सर करतात आणि पुरुषांमध्ये हा. यातलं किती माहीत आहे तुला? मग बाबांना सरळ म्हण की बाबा मी माझी तपासणी करून घेणार आहे, डॉक्टर तुमच्याबद्दल विचारतील, मला नीट सांगा. शिक्षक माणूस आहे, मुलाला एखादी गोष्ट समजावून सांगायची म्हटल्यावर बोलतील ते. तुझी काळजी वाटली की स्वतःची लाज थोडी बाजूला ठेवतील.

त्यानंतर, त्याच फोनमध्ये नाही तर दोन दिवसांनी, सांग की ऑफिसात असं असं काम घेतलंय, तुमच्यामुळे घेतलंय, तुमचं नाव न घेता किंवा घेऊन काही लिहिलं तर चालेल का? आणि 'नाही' म्हणाले तर तिथेच थांब. आईकरवी वदवून घेणं, बहिणीला मध्ये घालणं, 'तुमच्यामुळे कितीतरी लोकांचे प्राण वाचतील' असलं ओझं टाकणं, यातलं काही करू नकोस. उपचारांच्या वेळी त्यांच्या हातात फारसं काही राहिलं नव्हतं, निदान हा निर्णय तरी त्यांचा असू दे. कदाचित पुढच्या वर्षी स्वतःहून म्हणतील लिही म्हणून, कदाचित कधीच नाही.

'नाही' आलं तर मग पेजवर लिहायचं काय? 'माझ्या जवळच्या एका व्यक्तीला' हेही नको, तुझ्या जवळची सत्तरीतली व्यक्ती कोण हे ओळखायला कुणाला फार डोकं लागत नाही. स्वतःबद्दल लिही. मी ४३ चा, आजवर कधी स्वतःहून चेकअपला गेलो नव्हतो, या महिन्यात जीपीकडे जाऊन आलो, अपॉइंटमेंट घ्यायला मला किती दिवस लागले, आत जाताना काय वाटत होतं, डॉक्टर काय म्हणाले. हे पूर्ण खरं असेल, तुझं असेल, आणि तुझ्या वयाच्या माणसाला ते कुठल्याही कहाणीपेक्षा जास्त लागू पडेल. फक्त आधी जाऊन ये, मग लिही.

तपासणीबद्दलही थोडं सांगते कारण आता टीममधले लोक तुला विचारणार. सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरला बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं, म्हणून 'मला काही त्रास नाही' यावर विसंबू नये. उलट रात्री चारदा उठावं लागतं म्हणून घाबरून आलेल्या माणसाचं बऱ्याचदा साधं वय वाढल्यावर होणारं प्रोस्टेटचं वाढणं निघतं. पीएसए ही रक्ताची साधी टेस्ट, पण ती जास्त आली म्हणजे कॅन्सरच असं नाही, इन्फेक्शनने वाढते, प्रोस्टेट मोठी झाली तरी वाढते. आणि पीएसए वाढली की लगेच सुई असंही आता नाही, इथे आधी एमआरआय करतात आणि मग बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं, लागेल का ते बघतात. कॅन्सर निघाला तरी तो संथ प्रकारातला असेल तर लगेच ऑपरेशन न करता फक्त लक्ष ठेवतात, ठरावीक काळाने टेस्ट करत राहतात, कारण उगाच उपचार केले तर त्यांचाच त्रास जास्त. टेस्ट कधीपासून करायची हे जीपीशी बोलून ठरवायचं, साधारण पन्नाशीत हा विषय काढतात, घरात कुणाला असेल तर आधी. इथल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा कॅन्सर हाच आहे आणि वेळेवर सापडला तर माणसं पुढे वर्षानुवर्षं छान जगतात. टीममधल्या पंचविशी-तिशीतल्या पोरांना मात्र वेगळं सांग, त्यांचा विषय वृषणांचा. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर महिन्यातून एकदा हाताने चाचपून बघायचं, गाठ लागली, कडक लागलं, एक बाजू आधीपेक्षा जड वाटली तर जीपीकडे, दुखत नाही म्हणून थांबायचं नाही कारण ती गाठ बहुतेकदा दुखत नाही. हा कॅन्सर तरुणांना होतो आणि लवकर सापडला तर जवळजवळ सगळे बरे होतात, म्हणजे खरं नुकसान होतं ते लाजेपोटी घालवलेल्या सहा महिन्यांमुळे, आणि ते टाळता येतं.

पैशांकडे येऊ. अडीचशे लोकांच्या ग्रुपवर लिंक टाकणं म्हणजे मागणं नव्हेच रे. तिथे प्रत्येकाला वाटतं बाकीचे देतील. त्यातून तू फॉरवर्डसारखं इंग्रजी पोस्टर टाकलं असणार, वर खाली कुणाचा तरी वाढदिवस आणि बटाट्याची सेल. मागायचं ते एकेकाला, नाव घेऊन, आकडा सांगून. असं काहीतरी लिही: "नोव्हेंबरमध्ये मी ६० किलोमीटर चालतोय, पुरुषांच्या कॅन्सरसाठी आणि मानसिक आरोग्यासाठी. तू २० डॉलर देशील का? नाही जमलं तरी काही हरकत नाही, पण तुझं बीपी शेवटचं कधी बघितलंस ते मात्र मला सांग." बस्स, एवढंच. यात २० डॉलर महत्त्वाचे आहेतच पण शेवटच्या ओळीला जी उत्तरं येतील ना ती वाच, त्यासाठीच हे करतोयस. आणि वहिनींना विसरू नकोस. नवऱ्याची अपॉइंटमेंट घरोघरी कोण घेतं हे काय मी सांगायला हवं? माझा अनुभव असा की अशा कामाला पहिला हात बायकाच देतात.

लाज वाटते म्हणतोस ती मला समजते. आपण गणपतीची वर्गणी मागायला दारोदार जातो तेव्हा लाज वाटत नाही कारण ती सगळ्यांची असते, इथे मात्र वाटतं की मी माझ्यासाठी मागतोय. पण तू तुझ्यासाठी मागत नाहीयेस, एक सेंटही तुझ्या हातात येत नाही, लिंकवरून थेट जातो. म्हणूनच सांगते, कॅश घेऊ नकोस, 'तू भर मी तुला नंतर देतो' हे पण नको, हिशेबाच्या भानगडीत मैत्री जाते. दोन डॉलर किंवा त्याहून जास्त डोनेशन इथे टॅक्समधून वजा होतं, रिसीट ईमेलवर येते, हे सांग लोकांना, पुष्कळांना माहीत नसतं. आणि कंपनी मॅचिंग करते का ते एचआरला आजच विचार, बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने दिले तेवढेच स्वतः घालतात.

ज्याने विचारलं की पैसे जातात कुठे, त्याच्यावर चिडू नकोस. अडीचशे लोकांत तेवढ्या एकानेच मन लावून वाचलंय. त्याला फोन कर. इथली प्रत्येक नोंदणीकृत चॅरिटी सरकारी रजिस्टरवर आहे, ते कुणीही उघडून बघू शकतं, वार्षिक हिशेब असतो, किती आले, किती कामावर गेले, किती ऑफिसखर्चात गेले, लिंक पाठव आणि म्हण तूच बघून मला सांग. एक उदाहरण मात्र तू स्वतः सांग त्याला. मोव्हेंबरच्या पैशांतून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटची एक नोंदवही चालते, उपचार झाल्यावर माणूस कसा जगतोय, लघवीचं काय, शौचाचं काय, संबंधांचं काय, हे पेशंटला स्वतःला विचारून लिहून ठेवतात आणि त्यावरून कुठे उपचार चांगले होतायत, कुठे सुधारायला हवेत ते कळतं. जे प्रश्न बाबांना कुणी विचारले की नाही आपल्याला माहीत नाही, ते इथे ठरवून विचारले जातात. मला विचारशील तर एवढ्या एका कारणासाठी मी पैसे देईन, आणि देतेच. कुणी म्हणालं आम्ही देवळाला देतो, तर छान म्हणायचं आणि चालायला बोलवायचं.

काहीतरी खायचं ठेवलंस तर फरक पडतो. सांगलीकडचा आहेस, भडंग कर. सुकं असतं, टिकतं, आदल्या रात्री भरपूर लसूण घालून करायचं, छोटी पाकिटं भरायची आणि ऑफिसच्या किचनमध्ये क्यूआर कोडच्या शेजारी ठेवून द्यायची, पाच डॉलरला एक. वर मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठी, शेंगदाणे आहेत हे मोठ्या अक्षरात, ॲलर्जीचा विषय इथे फार जपतात. फक्त भडंगाचे पाच डॉलर टॅक्समधून वजा होत नाहीत कारण त्याबदल्यात वस्तू मिळाली, हे आधीच सांगून ठेव. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मोठा स्टॉल लावायचा असेल तर काउन्सिलला आधी कळवावं लागतं, ते मंडळाच्या लोकांना विचारून कर.

तासगावचे मित्र, चुलते म्हणतील आम्हीही देतो. त्यांच्याकडून रुपये तुझ्या खात्यावर घेऊन इकडे भरू नकोस, ते त्यांचे पैसे तिकडच्या कामाला जाऊ देत, परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे, इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आहे, थेट द्यायला सांग. आणि तिकडे बोलायचं ते प्रोस्टेटच्याही आधी तोंडाच्या कॅन्सरबद्दल, भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त तोच आणि कारण सगळ्यांना ठाऊक आहे, तंबाखू, मावा, गुटखा. तुमच्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको, आर. आर. आबा (पाटील) २०१५ साली तोंडाच्याच कॅन्सरने गेले तेव्हा अख्खा जिल्हा हळहळला होता. शरद पवारांचं तोंडाचं ऑपरेशन २००४ चं, ते स्वतः त्याबद्दल जाहीर बोलत आलेत आणि तंबाखूबद्दल तरुणांना सांगत आलेत, त्याचा उपयोग झाला लोकांना. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, एवढं जरी तुझ्या शाळेच्या ग्रुपवर मराठीत नीट लिहिलंस तरी ते मोठं काम आहे. त्याला एक पैसाही लागत नाही.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण होणार आहे. तुझी पोस्ट वाचून लोक तुला आपणहून फोन करतील. कुणी म्हणेल लघवीत रक्त दिसलं एकदा, कुणी म्हणेल झोप लागत नाही, नोकरी गेलीय, घरी सांगितलेलं नाही. पहिल्याला तू डॉक्टर होऊन उत्तर देऊ नकोस, याच आठवड्यात जीपी, आणि हवं तर बरोबर जा. दुसऱ्याचं ऐकून घे, मध्ये उपाय सांगू नकोस, 'पॉझिटिव्ह राहा' तर अजिबात नको. आणि बोलण्यात जगण्याचा कंटाळा जाणवला तर सरळ विचार की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं की कुणीतरी विचारलं. अशा वेळी फोन करायच्या हेल्पलाइन आहेत, इथे लाइफलाइनचा नंबर १३ ११ १४, भारतात टेलिमानस १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. दोन्ही फोनमध्ये सेव्ह करून ठेव, आणि अशा माणसाला एकटं ठेवून फोन ठेवू नकोस.

राहिलं टार्गेट. ५०० डॉलर ठेव. पहिले ५० तू स्वतः टाक, शून्यावरच्या पेजवर द्यायला कुणाचा हात उचलत नाही, आणि पुढचे दोन-तीन जण असे निवड जे नक्की देतील आणि थोडे जास्त देतील, कारण मागून येणारा आधीचा आकडा बघूनच आपला ठरवतो. दिलं की त्याच दिवशी प्रत्येकाला नाव घेऊन थँक्यू. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना महिन्याच्या मध्यावर एकदाच आठवण, चालतानाचा फोटो टाकून, १९ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय पुरुष दिन असतो तो दिवस चांगला. त्यानंतर पुन्हा नाही. ५०० लवकर झाले तर वाढवता येतात. टीमचा आकडा मात्र तू एकट्याने ठरवू नकोस, पहिल्या मीटिंगमध्ये त्यांनाच ठरवू दे, आणि जीपीची अपॉइंटमेंट त्याच्या आधी घेऊन टाक, शनिवारच्या वेळा पटकन भरतात.